फिरतीच्या नोकरीतील एकटेपणा : एक दुर्लक्षित हेतू

प्रास्ताविक

गारखेडा परिसरातील आमच्या दवाखान्यात सायंकाळच्या रुग्णांच्या रांगेच्या शेवटी एक-दोन तरुण मांडीवर काळी बॅग घेऊन बसलेले असत. ते रुग्ण नसत. औषधी कंपन्यांचे प्रतिनिधी असत. रुग्णसंख्या अधिक असली म्हणजे त्यांना दीड-दोन तास तिष्ठत बसावे लागे. कित्येक वर्षे आम्ही त्यांच्याकडून नमुने घेतले, दरपत्रके घेतली, दोन मिनिटे ऐकून घेतले आणि त्यांना निरोप दिला. यांतील कोण कोणत्या गावचा, रात्रीचा मुक्काम कोठे करतो, काय जेवतो, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. पुढे त्यांच्यापैकीच एक जण बॅग बाजूला ठेवून रुग्ण म्हणून आमच्यासमोर बसला, तेव्हा आमच्या प्रश्नपद्धतीतील एक मोठी उणीव आमच्या ध्यानात आली. प्रस्तुत लेख त्या उणिवेविषयी आहे.

छत्रपती संभाजीनगर हे फिरतीच्या माणसांचे शहर आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कारखान्यांतून यंत्रे बसविणारे तंत्रज्ञ परराज्यांत जातात. मराठवाड्यातील औषधविक्रीचे अनेक प्रतिनिधी हे शहर मुख्यालय मानून जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर अशी टूर करतात. बँकांचे तपासनीस, विमा कंपन्यांचे अधिकारी, एस.टी.चे चालक-वाहक हेही महिन्यातील अनेक रात्री घराबाहेर काढतात. आपल्या वाचकांचा या वर्गाशी दुहेरी संबंध येतो. वैद्याला ही माणसे रुग्ण म्हणून भेटतात आणि फार्मसी मालकाच्या तर ती पदरचीच माणसे असतात. म्हणून या विषयाचा विचार दोन्ही अंगांनी व्हावा, असे आम्हांस वाटते.

एका रुग्णाची हकीकत

रुग्ण वय वर्षे ३४, विवाहित, एक मुलगी. तक्रारी अशा : जेवणानंतर पोट फुगणे, मलावष्टंभ, पाठ व पिंढऱ्या दुखणे, पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊन नंतर झोप न लागणे, सहा महिन्यांत वजन कमी होणे. रक्ततपासण्या सामान्य होत्या. वातप्रधान अग्निवैषम्य असे निदान करून आम्ही जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण व रात्री कोमट पाण्यातून गंधर्वहरीतकी दिली. पंधरा दिवसांनी रुग्णाने सांगितले, "कधी एकदम बरे वाटते, कधी जसेच्या तसे."

"कधी" म्हणजे केव्हा, हे समजावे म्हणून आम्ही त्यास महिनाभराच्या तारखा लिहून त्यांपुढे रोजची पचनाची व झोपेची स्थिती नोंदवावयास सांगितले. पुढील भेटीत त्याने तो कागद आणला. आम्ही त्याचा त्या महिन्याचा टूर प्रोग्राम मागितला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. ज्या रात्री तो बाहेरगावी होता त्या रात्री जाग, दुसऱ्या दिवशी आध्मान; घरी परतल्यावर दोन दिवसांत आराम; सोमवारी निघाला की पुन्हा तेच. औषध दोन्हीकडे तेच होते.

हॉटेलचे अन्न हे कारण उघड दिसत होते आणि बहुधा आम्ही तेथेच थांबलो असतो. परंतु जेवणाची माहिती घेताना आम्ही सहज विचारले, "रात्री जेवता कोणाबरोबर?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोणाबरोबर नाही. पार्सल आणतो. खोलीत पलंगावर बसून मोबाईल बघत खातो. दिवसभर डॉक्टरांसमोर मीच बोलतो, तेच ते बोलतो. रात्री बोलायला काही उरत नाही, आणि बोलायला कोणी नसतेही." एवढे बोलताना त्या माणसाचे डोळे भरून आले. आम्ही तीन भेटींत त्याची नाडी, जिव्हा, कोष्ठ सर्व पाहिले होते; हा एक प्रश्न मात्र विचारला नव्हता.

दिवसभर माणसांच्या गराड्यात असणारा मनुष्य एकटा असू शकतो, ही गोष्ट या रुग्णाने आम्हांस शिकविली. वरकरणी तो रोज दहा-बारा जणांना भेटे. परंतु त्यांपैकी एकालाही त्याच्या येण्या-न येण्याने फरक पडत नव्हता.

शास्त्रातील आधार

एकटेपणा हा आधुनिक काळाचा विषय आहे, आपल्या संहितांत तो कोठून येणार, असे काही वैद्यबंधूंना वाटेल. शब्द नसेल, विचार मात्र ठिकठिकाणी आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील दुसऱ्या अध्यायात एक अत्यंत व्यवहार्य निरीक्षण आहे. पथ्यकर अन्न योग्य मात्रेत सेवन केले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व प्रजागर यांमुळे ते पचत नाही, असे तेथे सांगितले आहे. या सहा कारणांतील पाचवे कारण विशेष लक्षात घ्यावे. दुःखशय्या म्हणजे सुखकर नसलेले अंथरूण. अनोळखी लॉजमधील खोली, पातळ गादी, बाहेर बसस्थानकाचा गोंगाट आणि मनात घरची चिंता यांचे याहून नेमके वर्णन आम्हांस माहीत नाही. आमच्या रुग्णाला आम्ही पाचक औषध देत होतो आणि हेतू मात्र दर सोमवारी नव्याने घडत होता.

चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात वातप्रकोपाची कारणे सांगताना अतिप्रवास, जागरण, वेगधारण, दुःखकारक शय्या व आसन, चिंता आणि शोक ही एकाच ओघात आली आहेत. फिरतीच्या नोकरीत ती एकाच दिवसात येतात. शोषाच्या वर्णनात शोकशोष आणि अध्वशोष हे दोन स्वतंत्र प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात रुग्ण सतत विचारमग्न असतो, दुसऱ्यात कांती रूक्ष होते, अवयव बधिर होतात, घसा व मुख कोरडे पडते. गात्रशैथिल्य दोहोंत समान आहे. केवळ प्रवासाने थकलेला मनुष्य विश्रांतीने सावरतो. प्रवासाने थकलेला आणि मनाने खचलेला मनुष्य दोन्ही हेतू एकदम वाहत असतो, म्हणून त्याला रविवारची विश्रांती पुरत नाही.

सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्यांमध्ये विषाद, शोषण करणाऱ्यांमध्ये शोक आणि प्रीणन करणाऱ्यांमध्ये हर्ष यांस अग्रस्थान दिले आहे. त्याच स्थानाच्या १७ व्या अध्यायातील ओजक्षयाची लक्षणे, म्हणजे भीती, दौर्बल्य, सतत चिंतन, इंद्रियांची व्यथा, दुर्मनस्कता, रूक्षता व कृशता, ही दीर्घकाळ एकटेपणा भोगणाऱ्या रुग्णात एकेक करून पडताळून पाहता येतात.

आधुनिक निरीक्षणेही याच दिशेची आहेत. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८,३२८ नोकरदारांच्या आरोग्यतपासणीच्या नोंदी पाहिल्या. कामासाठी महिन्यातून १ ते ६ रात्री बाहेर राहणाऱ्यांच्या तुलनेत १४ वा अधिक रात्री बाहेर राहणाऱ्यांमध्ये झोपेच्या तक्रारी, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, चिंता व विषादाची लक्षणे अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहांपैकी एका व्यक्तीस एकटेपणाची बाधा आहे. अर्थात, अशा नोंदींवरून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच सिद्ध होते. कोणती कशामुळे, हे प्रत्येक रुग्णात वैद्यानेच पाहावयाचे असते.

प्रवास आणि एकटेपणा यांचा संबंध अटळ आहे काय?

आमच्या मते नाही. आपल्याच जिल्ह्यातील पैठणहून संत एकनाथ महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी निघते. ऊन, पाऊस, चिखल, उघड्यावरची शय्या, विषम भोजन, अतिप्रवास, अशी वातप्रकोपाची बहुतेक कारणे त्या वाटेवर हजर असतात. तरीही वारकरी परततो तो सहसा खचलेला नसतो. श्रद्धेचा भाग आहेच. परंतु वारीची रचनाही वैद्याने पाहण्यासारखी आहे. मुक्कामाची गावे ठरलेली असतात. दिंडीतील सोबती वर्षानुवर्षांचे असतात. मुक्कामाच्या गावी कोणीतरी वाट पाहत असते आणि आला नाही तर "यंदा अमुक दिसला नाही" असे विचारणारे असते.

गिरण्यांच्या काळात कोकणातून व घाटावरून मुंबईत आलेल्या कामगारांनीही असाच उपाय शोधला होता. एका गावची माणसे एका खोलीत पाळीपाळीने राहत आणि खाणावळवालीकडे जेवत. या खाणावळवाल्या महिलांच्या संघटनेसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ती खोली कोंदट होती आणि ते जीवन सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेथे आजारी पडलेल्या माणसाचे ताट वाढलेले राहिले तर ते कोणाच्या तरी ध्यानात येई. आजच्या लॉजमध्ये खोली स्वतंत्र असते, दूरचित्रवाणी असते. फक्त ताट राहिल्याचे कोणाला कळत नाही.

या दोन उदाहरणांतून चिकित्सेचे एक सूत्र निघते. फिरतीवरील माणसाचा मुक्काम ओळखीचा करावा. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि वाट पाहणारे निदान एक माणूस, या तीन गोष्टी साधल्या की प्रवासाचे अंतर तेच राहूनही त्याचा मनावरील भार कमी होतो.

प्रवासचर्या

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, असे तिचे स्वरूप आहे. रिकाम्या खोलीत रात्री अकरा वाजता "मन आवरा" असा उपदेश मात्र निरुपयोगी ठरतो. मनाला आधार मिळेल अशी दिनचर्या आधी बांधून द्यावी लागते. आम्ही रुग्णास पुढील गोष्टी लिहून देतो.

१. प्रत्येक गावी शक्यतो एकच लॉज व एकच खाणावळ धरावी. चार फेऱ्यांनंतर खाणावळवाला ओळखू लागतो, आवडनिवड जाणतो. वारंवार जागा बदलून वाचणाऱ्या पन्नास रुपयांपेक्षा ही ओळख मोलाची असते.

२. रात्रीचे जेवण आठच्या आत, उष्ण व स्निग्ध, बसून आणि लोकांत घ्यावे. येथे काही वैद्य आक्षेप घेतील की, न बोलता, न हसता, तन्मय होऊन जेवावे असे आहारविधीत सांगितले आहे. ते खरेच आहे. पंगतीत शांतपणे जेवता येते. मोबाईलवर चित्रे पाहत जेवणारा मनुष्य मात्र एकटा असूनही तन्मय नसतो. त्याच प्रकरणात इष्ट देशी भोजन करावे, म्हणजे अनिष्ट स्थानामुळे होणारा मनोविघात टळतो, असेही सांगितले आहे. लॉजमधील पलंग हा इष्ट देश नव्हे.

३. घरी दूरध्वनी करण्याची वेळ ठरवावी आणि ती जेवणापूर्वीची असावी. अंथरुणात पडून केलेले बोलणे लांबते आणि झोप घालविते. "जेवलास का?" "हो." एवढ्यावर संभाषण संपते अशी अनेकांची तक्रार असते. म्हणून रोजचे एखादे छोटे काम दोघांत वाटून घ्यावे. आमच्या रुग्णाने मुलीचे पाढे दूरध्वनीवरून घेण्यास प्रारंभ केला. पंधरा मिनिटांचे काम. पण सव्वासात वाजता ती मुलगी फोनजवळ बसू लागली.

४. सायंकाळी २०-३० मिनिटे चालावे, तेही माणसांचा वावर असेल अशा ठिकाणी : मंदिर, मैदान, वाचनालय. आमच्या भागात गजानन महाराज मंदिराचा परिसर व विभागीय क्रीडा संकुल येथे सायंकाळी जी वर्दळ असते, तशी एखादी जागा प्रत्येक गावात असते.

५. झोपण्यापूर्वी कोमट तिळतेलाने दहा मिनिटे पादाभ्यंग करावा. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पायांची रूक्षता, स्तब्धता, श्रम व बधिरता यांवर तो सांगितला आहे. तेलाची लहान बाटली बॅगेत सहज मावते. मोबाईल त्यापूर्वी बंद करावा.

६. घरी परतल्यावर पहिली सायंकाळ हिशेब व तक्रारींसाठी वापरू नये. हे रुग्णाच्या पत्नीलाही सांगावे. कारण मागे राहणारे माणूसही आठवडाभर एकट्याने घर ओढत असते आणि तिच्याही तक्रारी खऱ्या असतात. दुसऱ्या दिवशी त्या निवांत ऐकाव्यात.

स्त्रियांच्या बाबतीत हीच यादी जशीच्या तशी देऊ नये. परगावी एकटी राहणारी स्त्री सुरक्षिततेसाठी सायंकाळी खोलीतच थांबते व तेथेच जेवते. तिला "बाहेर लोकांत जा" असे सांगणे सोपे, पण व्यवहारात कठीण. आमच्या एका वैद्यभगिनी आठवड्यातून दोन दिवस परजिल्ह्यात रुग्ण पाहावयास जात. त्यांनी लॉज सोडून एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी खोली घेतली. भाडे थोडे अधिक, पण रात्री भाकरी गरम मिळू लागली आणि उशीर झाला तर "कोठे आहात?" असा फोन येऊ लागला. अशी सोय शोधण्यात वैद्याच्या गावोगावच्या ओळखी उपयोगी पडाव्यात.

औषधविचार आणि आमची एक चूक

औषधे दुय्यम असली तरी आवश्यक असतात. अग्नी व कोष्ठ यांकडे प्रथम लक्ष द्यावे. वर सांगितलेले हिंग्वाष्टक व गंधर्वहरीतकी बहुधा पुरतात. उच्च रक्तदाब असल्यास हिंग्वाष्टकातील सैंधव ध्यानात घ्यावे. निद्रेसाठी जटामांसी, बल्य म्हणून दुधातून अश्वगंधा, मेध्य म्हणून ब्राह्मी वा शंखपुष्पी प्रकृती पाहून योजावी. अश्वगंधेने काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे प्रसिद्ध झाल्या आहेत आणि थायरॉईडची औषधे घेणाऱ्यांत तिचा वापर जपून करावा लागतो. म्हणून दीर्घकाळ देताना लक्ष ठेवावे. मद्यपानाची सवय प्रत्येक फिरतीच्या रुग्णास स्पष्ट विचारावी. "झोप यावी म्हणून थोडी" असे उत्तर आले तर आसवारिष्टांऐवजी काढा, चूर्ण वा वटी कल्पना निवडावी.

आता आमची चूक. चिकलठाण्यातील एका कारखान्याचा यंत्रे बसविणारा तंत्रज्ञ, वय ४६, परराज्यात दोन-दोन महिने राहत असे. रक्तदाब किंचित वाढलेला, झोप नाही. आम्ही सर्पगंधा घनवटी दिली आणि तो कामावर निघून गेला. तीन आठवड्यांनी त्याच्या भावाने त्यास परत आणले. तो कामावर जात नव्हता, अंघोळ करीत नव्हता, "माझा काही उपयोग नाही" एवढेच म्हणत होता. आम्ही निघण्यापूर्वी त्याला मनाविषयी एक शब्दही विचारला नव्हता. नंतर कळले की, तो तीन-चार महिन्यांपासून उदास होता.

सर्पगंधेचे सामर्थ्य जगापुढे येण्यात मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील शोधनिबंधाचा मोठा वाटा आहे. १९५२ मध्ये तिच्यातील रिसर्पिन हे क्षाराभ वेगळे काढले गेले. त्याच्या वापरानंतर काही रुग्णांत तीव्र विषाद दिसू लागला आणि त्यामुळे पूर्वी विषाद झालेल्या वा सध्या उदास असलेल्या रुग्णात ते वर्ज्य मानले गेले. हा इशारा आम्हांस पुस्तकातून ठाऊक होता. समोरचा माणूस उदास आहे हे मात्र ठाऊक नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. आम्ही वटी तत्काळ बंद केली व त्यास घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात स्वतः नेले. काही महिन्यांनी तो बरा झाला. तेव्हापासून आमचा नियम असा की, मनाची स्थिती विचारल्याखेरीज सर्पगंधा लिहावयाची नाही. औषधविक्रेत्या वाचकांनीही "झोपेची गोळी" म्हणून ती चिठ्ठीवाचून देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

वैद्याने कोठे थांबावे

प्रत्येक एकटेपणा चर्येने जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक भाग उदासीनता, कशातच रस न वाटणे, भूक व वजनात मोठी घट, रोजचे मद्यपान, निरुपयोगी असल्याची भावना वा मरणाचे विचार, यांपैकी काही आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो हा समज चुकीचा आहे. उलट रुग्णास बोलावयास वाट मिळते. असा विचार असेल तर रुग्णास एकटे सोडू नये व टूरवर जाऊ देऊ नये.

केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. पहाटे तीन वाजता लॉजमध्ये जागा असलेल्या माणसाला तेव्हा आपण उपलब्ध नसतो. म्हणून हा क्रमांक आम्ही प्रवासचर्येच्या कागदाच्या तळाशी छापून घेतला आहे. चालू असलेली मानसोपचाराची औषधे आपल्या सल्ल्याने कोणी बंद करणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

फार्मसी मालकांसाठी

ज्यांच्या पदरी प्रतिनिधी आहेत त्यांना चार सूचना कराव्याशा वाटतात. सलग बाहेर काढावयाच्या रात्रींना मर्यादा असावी. शक्य तेथे दोन-तीन रात्रींनंतर एक रात्र घरची यावी असा टूर प्रोग्राम आखावा. जालना मुख्यालयापासून सुमारे ६० कि.मी. असताना केवळ रिवाज म्हणून तेथे मुक्काम लावू नये. शेजारच्या विभागांतील दोन प्रतिनिधींचे मुक्काम आठवड्यातून एकदा एकाच गावी जुळवून आणावेत. त्यासाठी एक पैसाही लागत नाही. दिवसाच्या कामाचा अहवाल रात्री साडेनऊला फोनवर मागू नये, कारण ती वेळ त्याच्या घराची असते. आणि मुक्कामाचा भत्ता इतका तरी असावा की, त्यात स्वच्छ खोली व गरम जेवण मिळेल.

एका स्थानिक फार्मसीच्या मालकांशी आम्ही हे बोललो, तेव्हा ते म्हणाले, "वैद्यराज, माणूस सहा महिन्यांत सोडून जातो. आम्ही पगाराला दोष देत होतो." त्यांनी टूर बदलून पाहिला. माणसे टिकतील की नाही हे काळ सांगेल. परंतु जुन्या प्रतिनिधीने त्यांना प्रथमच स्वतःहून घरची हकीकत सांगितली, हे त्यांनी आम्हांस आवर्जून कळविले.

उपसंहार

आरंभी सांगितलेला रुग्ण औषधांखेरीज आता तीन गोष्टी पाळतो : बीडमध्ये ठरलेली खाणावळ, सव्वासातचे पाढे आणि रात्रीचा पादाभ्यंग. पहाटेची जाग पूर्णपणे गेलेली नाही. आठवड्यातून एखाद्या रात्री येते. आध्मान नाही. घटलेल्या वजनापैकी तीन किलो परत आले आहे.

त्याच्या उपचारातील एक भाग आमच्याच हाती होता, हे आम्हांस उशिरा उमगले. ज्या प्रतिनिधींना आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बाकावर बसवून ठेवीत होतो, त्यांची खाणावळ तेवढ्यात बंद होत असे आणि घरी फोन करण्याची वेळ टळून जात असे. त्यांच्या एकटेपणाच्या हेतूंत आमचा दवाखानाही होता. आता प्रतिनिधींसाठी बुधवारी व शनिवारी दुपारी १ ते २ ही वेळ आम्ही दारावर लिहून ठेवली आहे. त्या वेळी आलेल्यास पाणी, शक्य असल्यास चहा, आणि कामाच्या बोलण्याआधी एक प्रश्न : "आज मुक्काम कोठे?" वाचक वैद्यबंधू-भगिनींनी हा प्रश्न आपल्या दवाखान्यात विचारून पाहावा व काय उत्तरे येतात ते आम्हांस अवश्य कळवावे.